उकळलेल्या पाण्यातली चाहूल

"झाकणं कोणी इतकी आवळलीत?"

तळघरातल्या वाफेच्या खोलीत हा प्रश्न दिवसातून एकदा तरी विचारला जायचा आणि विचारणारा माणूस नेहमी एकच असायचा. संशोधन संस्थेच्या पाच मजल्यांना लागणारी प्रत्येक बाटली, प्रत्येक चिमटा, प्रत्येक काचेची नळी त्याच्या हातून निर्जंतुक होऊन वर जायची. माणूस वाकून आत शिरेल एवढे दोन पोलादी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भट्ट्या, त्याच्या ताब्यात होते आणि त्यांच्या शिट्ट्यांवरून त्याला त्यांची तब्येत कळायची. सगळी इमारत त्याला 'वाफेदादा' म्हणायची. संचालकांपासून झाडू मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळे. त्याचं तेहतिसावं वर्ष आणि डोक्यावरचे दाट केस या हाकेखाली पार दबून गेले होते.

तर, झाकणं कोणी आवळली या प्रश्नाला त्या दिवशी पहिल्यांदाच उत्तर आलं.

"मी आवळली. गळू नये म्हणून."

तो वळला. त्याच क्षणी पहिल्या ऑटोक्लेव्हचं दार उघडलं होतं आणि खोलीभर वाफ पसरली होती. दारात एक मुलगी उभी होती. हातात बाटल्यांचा क्रेट, एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी लोंबणारी, आणि चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेने पांढऱ्याफटक. तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी ती अगदी ताठ उभी होती, तो असेल असं वाटत होतं त्या दिशेला बघत. तिथे कपाट होतं.

"इकडे," तो म्हणाला.

ती वळली. "सॉरी. झाकणं सैल ठेवायची असतात का?"

"आत पाणी उकळलं की वाफ जाणार कुठे? बाटली फुटते. अर्धा आटा सैल ठेवायचं."

"अर्धा म्हणजे किती?"

"अर्धा म्हणजे अर्धा."

ती हसली. चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला, आणि आता कुठे तिला तो दिसला. तिने त्याला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "तुम्हीच ना ते... वाफे..."

तो 'दादा'ची वाट बघत उभा राहिला. नऊ वर्षांची सवय होती.

"...वाले?" ती म्हणाली.

खरं सांगायचं तर एवढ्या एका शब्दावर माणसाने हुरळून जाऊ नये. पण तो गेला. ती गेल्यावर त्याने तिच्या आठही बाटल्यांची झाकणं एकेक करून सैल केली, आणि तेवढं करताना दोनदा मोजायला चुकला.

ती चौथ्या मजल्यावरच्या रक्ताच्या प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झाली होती, एका वर्षाच्या नेमणुकीवर. वर्षाअखेरीस हाती काही लागलं तर पुढची दोन वर्षं, नाहीतर सामान आवरायचं. हे त्याला मावशींकडून कळलं. मावशींना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं.

आता तिच्या कामाला पाणी लागायचं. साधं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या यंत्राचं. ते यंत्र पाण्यातलं सगळं काही गाळून काढायचं आणि करंगळीएवढी धार सोडायचं. आठ बाटल्या भरायला दोन तास लागत. पाच प्रयोगशाळांची रांग, त्यात ती सगळ्यात नवी, म्हणजे सगळ्यात शेवटी. एकदा तो ट्रॉली घेऊन तिथून जात होता, तेव्हा ती यंत्रासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर वही, वहीवर गाल, आणि डोळे मिटलेले. बाटली भरून पाणी बाहेर सांडायला लागलं होतं. त्याने हळूच नळ बंद केला आणि पुढे गेला.

पण ते दृश्य काही डोळ्यांपुढून हलेना. यंत्राच्या पाण्याला असं काय सोनं लागून गेलंय, त्याच्या मनात आलं. पाण्यात वाईट काय असतं? जंतू. आणि जंतूंचा बंदोबस्त करण्यात या इमारतीत त्याचा हात धरणारं कोण होतं? त्याची आई नर्स होती. सुया, नळ्या, काचेच्या सिरिंजा, सगळं उकळून घेण्यात तिचा जन्म गेला होता. उकळलं की मेलं, हे त्याने तिच्या मांडीवर बसून ऐकलं होतं.

त्या शुक्रवारी त्याने तिच्या आठ बाटल्या गच्चीवरच्या टाकीच्या नळाला भरल्या. मग वाफ दिली. एकदा नाही, तीनदा. दर खेपेला बाटली थंड करायची, जुनी खुणेची पट्टी काढायची, नवी लावायची. ही पट्टी तापली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात, म्हणजे वाफ लागल्याची खात्री. तिसऱ्या वेळी त्याने पट्टीचं टोक आतल्या बाजूला दुमडलं. हातमोजे घातलेल्या बोटांना ते टोक सापडत नाही, नखांची झटापट होते, हे त्याने पाहिलं होतं. दुमडलेलं असलं की एका ओढीत निघतं.

शनिवारी ती खाली आली.

"माझ्या बाटल्या भरलेल्याच वर आल्या."

"हो."

"तुम्ही भरल्यात? यंत्रावर? पण रांग..."

"सकाळी लवकर येतो मी," तो म्हणाला. हे खोटं नव्हतं. तो सकाळी लवकरच यायचा.

"तुम्हाला काय सांगू," ती म्हणाली. नुसती बघत राहिली, आणि चष्म्यावर पुन्हा वाफ धरली तरी पुसायचं तिला सुचलं नाही.

असे सहा आठवडे गेले. दर शुक्रवारी आठ बाटल्या, तीन वाफा, दुमडलेलं टोक. आणि दर शनिवारी तिचं खाली येणं. आधी आभार मानायला, मग क्रेट न्यायला, मग काही कारण नसताना. ती दोन कप चहा घेऊन यायची आणि गरम नळीवर ठेवायची. "इथे बरं असतं," ती म्हणायची, "चहा निवतच नाही. मग लवकर संपवायची घाई नाही."

"वर तुमच्याकडे काय असतं?"

"वर?" तिने जरा विचार केला. "वर चमत्कार असतो. या बघायला."

तो गेला. हात तीनदा धुऊन गेला. तिने त्याला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि स्वतः त्याच्या खांद्याशी उभी राहिली.

"डोळे दोन्ही लावा. श्वास धरू नका, हरवत नाही काही."

आधी नुसता उजेड दिसला. मग त्याच्या स्वतःच्या पापण्या. मग एकदम त्या दिसल्या. गोल, चकचकीत, एकमेकींपासून अंतर ठेवून असलेल्या. कसलीही हालचाल नाही. त्याला का कोण जाणे, आवाज खाली आणावासा वाटला.

"काय आहेत या?"

"रक्ताच्या मूळपेशी. उंदराच्या मांडीच्या हाडातल्या. तुमच्या हाडांतही आहेत, आतल्या मज्जेत. आत्ता तुम्ही 'काय आहेत या' म्हणालात ना, तेवढ्यात तुमच्या हाडांनी वीसेक लाख तांबड्या पेशी तयार केल्या."

"मी?"

"तुम्हीच. तुम्हाला न विचारता." तिचा आवाज हळू झाला होता. "आणि सगळ्या शेवटी या थोड्याशा बायांच्या पोटच्या. यांच्या लेकी, नाती, पणत्या. या स्वतः मात्र बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. पणजीबाईच म्हणा. घर चालतंय ना, मग मला कशाला उठवता."

"मग उठतात कधी?"

"तीच तर गंमत आहे. यांच्या अंगावर कान असतात. म्हणजे आपल्यासारखे नाहीत. जंतूच्या आवरणाचा तुकडा नुसता घासून गेला तरी ओळखतात. कोणी शिकवावं लागत नाही, जन्मतःच येतं. आधी वाटायचं, असले कान फक्त लढणाऱ्या पेशींना असतात, पहारेकऱ्यांना. मग कळलं, झोपलेल्या पणजीलाही आहेत. शरीरात जंतू शिरला की ती पडल्या पडल्या ऐकते, आणि ठरवते, आता बाकीचं राहू दे, आधी लढणाऱ्या जन्माला घालते. बाहेर मारामारी, आणि इकडे हाडाच्या आत, काळोखात, कोण जन्माला येणार तेच बदलतं."

त्याने डोळे काढले नाहीत. आपल्या अंगात इतकी जाग आहे आणि आपल्याला तिचा पत्ताही नाही, या विचारात त्याने स्वतःचं मनगट चाचपलं.

"आता ही बशी बघा," तिने दुसरी सरकवली. इथल्या पेशी निराळ्या होत्या. चपट्या, पसरलेल्या, काचेला चिकटलेल्या, जणू पाय रोवून उभ्या. "या झाल्या लढणाऱ्या. आणि माझ्या बशीत जंतू नाही. कोणी हाक मारलेली नाही. तरी दर वेळी या आपल्या आपण उठतात. सहा आठवडे, एकदाही चुकलेलं नाही." तिने चष्मा वर सरकवला. "असं कोणी पाहिलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, मंगळवारच्या वार्षिक सभेत तूच मांड. हे मांडलं की माझी दोन वर्षं पक्की."

"म्हणजे तुम्ही जाणार नाही."

"नाही जाणार," ती म्हणाली, आणि मग जरा अवकाशाने, "तुम्हाला चालेल ना?"

"मला... चहा एकट्याने घ्यायची सवय मोडलीय," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला जिना चढल्यागत धाप लागली.

पुढचा दिवस रविवार. शेजारच्या आजोबांना घरीच सलाईन लावलं होतं आणि त्याची आई, निवृत्त झाली तरी नर्सच, दुपारी जाऊन नळी बघून आली. येताच खुर्चीत बसून पाय चोळायला लागली.

"आताचं किती सोपं झालंय रे," ती म्हणाली. "पिशवी आणा, टोचा. आमच्या वेळी काचेच्या बाटल्या. पाणीही दवाखान्यातच उकळायचो. तासन् तास. आणि एवढं करून कधी कधी काय व्हायचं माहितेय? बाटली लावली की पेशंट थडथड उडायचा. थंडी वाजून ताप."

"उकळलेलं नीट नसेल."

"मी उकळलेलं?" आईने असं बघितलं की तो गप्प झाला. "तिथेच तर सगळ्यांची मती गुंग व्हायची. जंतू एक नाही. मग एक म्हातारे डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं. म्हणाले, सिस्टर, तुम्ही जंतू मारलेत, पण त्यांची सालं पाण्यातच राहिली. उकळून साल जात नाही. रक्ताला तेवढीच पुरते. त्याला काय ठाऊक, मेलेल्याची आहे की जित्याची." तिने पाय खाली सोडले. "मेलेल्या जंतूला अंग घाबरायचं बघ. अरे, काय झालं? चेहरा का उतरला?"

तो भिंतीला टेकला होता. त्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची टाकी आली, तिच्या आतला बुळबुळीत हिरवट थर आला, आणि त्या टाकीच्या पाण्याच्या आठ बाटल्या. एकदा नाही, तीनदा उकळलेल्या. जंतू सगळे मेलेले आणि सालं सगळी शाबूत.

कोणी हाक मारलेली नाही, ती म्हणाली होती. हाक मारली होती. त्याने स्वतः, दर शुक्रवारी.

"आई," तो म्हणाला, "एखाद्याचं भलं करायला गेलं आणि..."

"कोण आहे ती?" आई म्हणाली.

माणूस किती सज्जन आहे हे सोमवारी सकाळी साडेआठ ते नऊ या वेळात कळतं, बाकी वेळ सगळे सज्जनच असतात. त्या अर्ध्या तासात तो दोन ऑटोक्लेव्हच्या मधोमध उभा होता. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? मंगळवारी ती सभेत बोलेल, टाळ्या होतील, दोन वर्षं पक्की. शनिवारी दोन कप चहा गरम नळीवर. आणि सांगितलं तर तिच्या हातात काही उरणार नव्हतं. सामान आवरून ती निघून जाईल, आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याला ती जन्मात माफ करणार नाही. पण गप्प राहायचं तर त्या बशीतल्या पेशींबद्दल तिच्या डोळ्यांत जे दिसलं होतं, त्याच्याशी रोज खोटं बोलावं लागलं असतं. ते त्याला जमणारं नव्हतं.

तो चौथ्या मजल्यावर गेला. ती भिंतीवर तक्ते लावून तालीम करत होती.

"तुमचं पाणी यंत्राचं नव्हतं," तो दारातूनच म्हणाला.

तिला कळायला वेळ लागला. त्याने सगळं सांगितलं. टाकी, तीन वाफा, आईचं बोलणं, सालं. एकही गोष्ट वगळली नाही. ती हळूहळू स्टुलावर बसली.

"मी पाणी तपासलं होतं," ती म्हणाली. "ताप आणणाऱ्या त्या सालांसाठीच. यंत्राच्या नळाचं. तीनदा." तिने ओठ घट्ट मिटले. "बाटलीतलं नाही तपासलं. इतकी साधी गोष्ट."

"चूक माझी आहे. मी मोठ्या बाईंना सांगतो."

"सगळ्यांच्या बाटल्या अशाच भरल्यात?"

"नाही."

"मग माझ्याच का?"

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. इनक्युबेटर मंद घुमत होता.

"तुम्ही यंत्रासमोर जमिनीवर झोपला होतात," तो म्हणाला. "वहीवर गाल ठेवून. मला ते बघवेना." आणि आता एवढं बोललोच आहे तर बाकीचं कशाला ठेवायचं, म्हणून पुढे म्हणाला, "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. त्यापायी तुमचं सहा आठवड्यांचं काम मी मातीत घातलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती फक्त उठली, भिंतीवरचा एकेक तक्ता काढला, गुंडाळला, आणि मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालू लागली.

मंगळवारी सभेत चौथ्या मजल्याचं कोणी बोललं नाही. मावशींनी बातमी आणली, की मोठ्या बाई आधी तापल्या, आणि मग तिला प्रयोग पुन्हा उभा करायला तीन महिने दिले. त्याच्याबद्दल ती काय म्हणाली हे मात्र मावशींनाही समजलं नव्हतं. त्याने आपली चूक लेखी दिली. टाकीच्या नळावर स्वतःच्या हाताने पाटी लावली, 'प्रयोगासाठी नाही'. संचालकांनी बोलावून चांगली अर्धा तास हजेरी घेतली, आणि शेवटी म्हणाले, "पण वाफेदादा, तुम्ही आपणहून सांगितलंत हे बरं केलंत."

शनिवार आला. ती आली नाही. दुसरा शनिवारही कोरडा गेला. त्याने एक दिवस चहाचा कप सवयीने गरम नळीवर ठेवला आणि तो तसाच राहिला, गरमच राहिला, पण प्यावासा वाटला नाही.

तिसऱ्या सोमवारी लिफ्टमधून क्रेट खाली आला. आठ रिकाम्या बाटल्या. सोबत चिठ्ठी.

'चार बाटल्या यंत्राच्या पाण्याने भराव्यात. चार तुमच्या पद्धतीने, टाकीच्या, तीन वाफा. अगदी पूर्वी करायचात तशाच. मोठ्या बाईंची परवानगी आहे. पट्टीचं टोकही.'

त्याने ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते सांगत नाही. शेवटचे दोन शब्द तर पाठच झाले. पट्टीचं टोकही. म्हणजे तिच्या ते ध्यानात आलेलं होतं.

पाटीच्या खाली उभं राहून त्याने चार बाटल्या भरल्या, आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत 'टाकी' लिहिलं.

बरोबर दहा दिवसांनी, सकाळी, तिचा फोन आला. "वर या."

तिने दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी मांडले होते. त्याला बघून ती हसली नाही, पण चष्मा मात्र उगाचच काढून पुसला. चौथ्या मजल्यावर वाफ नसते.

"आधी हा," ती म्हणाली. "यंत्राचं पाणी."

गोल, चकचकीत. झोपलेल्या. त्या बशीत सारं निवांत होतं.

"आता तुमचं."

चपट्या, पसरलेल्या, पाय रोवलेल्या. बशीभर.

"म्हणजे माझ्याच पाण्याने," तो म्हणाला.

"थांबा ना. तिसरी राहिलीय." तिने बशी बदलली. "यात पुन्हा तुमचंच पाणी आहे. टाकीचं, तीन वाफांचं. पण या पेशी निराळ्या उंदरांच्या. त्यांना तो एक कान जन्मापासून नाही. बाकी सगळं तेच."

त्याने डोळे लावले.

गोल होत्या. चकचकीत होत्या. सालांनी भरलेल्या त्या पाण्यात अगदी गाढ झोपल्या होत्या.

मग डोळे न काढताच म्हणाला, "यांना ऐकूच गेलं नाही."

"नाही. आणि त्यांना गेलं. बशीत दुसरं कोणी नाही, पहारेकरी नाही, निरोप्या नाही. फक्त पणजीबाई. तिनेच ऐकलं, तिनेच ठरवलं." ती आता त्याच्या खांद्याशी आली होती, पहिल्या वेळेसारखीच. "मी म्हणत होते, आपल्या आपण उठतात. साफ चुकीचं होतं. एकशे एकवीस अंशांवर तीनदा शिजवून मारलेल्या जंतूची नुसती साल, नखाच्या कणाएवढीही नाही, आणि तेवढ्या चाहुलीवर रक्ताची दिशा बदलली. मी मांडणार होते त्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे हो. मला दोन रात्री विश्वासच बसला नाही."

"आणि नेमणूक?"

"मोठ्या बाई या बशीवरून उठल्याच नाहीत तासभर. मग म्हणाल्या, तू राहतेयस." तिने एक श्वास घेतला. "अजून एक सांगू? काचेसारखे आरपार दिसणारे छोटे मासे असतात. अंड्यातल्या पिल्लात रक्ताची पहिली मूळपेशी जन्मते ना, तेव्हा तिथे जंतू नसतो, साल नसते, काही नसतं. तरी हेच कान लागतात. ते बंद केले तर मूळपेशी पुरेशा जन्मतच नाहीत. विचार करा. ज्या कानांनी पुढे आयुष्यभर शत्रू ओळखायचा, ते आधी, शत्रूचं नावही नसताना, रक्त जन्माला घालायच्या कामी येतात."

त्याने मान वर केली. खिडकीतून उजेड तिच्या गालावर पडला होता, आणि त्या उजेडात, त्याला आता ठाऊक होतं, दर सेकंदाला लाखो पेशी जन्माला येत होत्या, तिच्यात आणि त्याच्यात, दोघांना न विचारता.

"मग ऐकायचं तरी काय त्या वेळी?" त्याने विचारलं. "कोणीच नसताना?"

"तेच शोधायचंय आता," ती म्हणाली. "दोन वर्षं आहेत." मग जरा थांबून, "तुमच्या आईंना भेटायचंय मला. निबंध लिहीन तेव्हा आभारात त्यांचा उल्लेख करणार आहे. थंडी वाजून ताप, त्या एका वाक्यासाठी."

"आईला आवडेल." तो उठला, स्टूल जागेवर सरकवलं. "आणि माझा?"

"तुमचा कुठे करायचा ते अजून ठरत नाहीये," ती म्हणाली. "आभारात तुम्ही मावाल असं वाटत नाही."

तो बघतच राहिला. तिने टेबलावरची झाकण लावलेली रिकामी बाटली उचलली, त्याची, 'टाकी' लिहिलेली, आणि तिच्या अंगावरून अंगठा फिरवला. जिथे काढलेल्या पट्ट्यांचा गोंद काचेवर राहिला होता तिथे.

"त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं," ती म्हणाली. "बाटलीतलं पाणी तपासायचं विसरले नव्हते मी. दुसऱ्याच आठवड्यात हा गोंद दिसला होता. एकावर एक, दोन पट्ट्यांचा. बाकी कोणाच्या बाटल्यांवर नसायचा. माझ्यासारख्या मुलीने तेव्हाच खाली येऊन विचारायला हवं होतं, हे काय म्हणून. पण मला वाटलं..." तिने गोंदाचा कण नखाने खरवडला. "मला वाटलं, कोणीतरी माझी बाटली पुन्हा पुन्हा हातात घेतंय. आणि ते मला तपासून बघायचं नव्हतं. तसंच असू दे, असं वाटलं. चूक एकट्या तुमची नव्हती."

"मग तीन आठवडे खाली का नाही आलात?"

"तुमच्यासमोर आले असते तर काम झालं नसतं. आणि हे काम बिघडलेलं ठेवून मला तुमच्याकडे यायचं नव्हतं." तिने बाटली त्याच्या हातात दिली, पण स्वतःचा हात लगेच काढला नाही. "आता आले तर चालेल?"

त्याला उत्तर द्यायचं होतं. पण घशाशी सगळंच एकदम आलं आणि एकही शब्द बाहेर पडेना. तिने ते पाहिलं, हसली, आणि त्याच्या हातातल्या बाटलीचं झाकण अर्धा आटा सैल केलं.